बी.एड.च्या जर्नलबद्दल, झेरॉक्सच्या दुकानातून खुलं पत्र

प्रति,
विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळाचे सर्व सदस्य
आणि बी.एड. महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य यांस,

सविनय नमस्कार.

यंदा सत्र सुरू झालं तेव्हा आमच्या गावातल्या महाविद्यालयाच्या फलकावर एक सूचना लागली. 'यापुढे सर्व प्रात्यक्षिक कार्य स्वहस्ताक्षरातच सादर करावे. टंकलिखित अथवा संगणकीय प्रत स्वीकारली जाणार नाही.' खाली तारीख, सही, शिक्का. कारण लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं चॅटजीपीटीला विचारून जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वह्या, भरतात, त्याला आळा बसावा म्हणून हा उपाय. सूचनेचा कागद माझ्याच दुकानात टाइप झाला. प्रती 12, रुपये 24.

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान त्या महाविद्यालयाच्या फाटकापासून 40 पावलांवर आहे. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. टाइप केलेलं चालणार नाही म्हटल्यावर हिचा धंदा बसला आणि म्हणून ही बाई पत्र लिहायला बसली, असं कुणाला वाटेल. तसं झालेलं नाही. धंदा वाढलाय. पूर्वी मुलगी पेनड्राइव्ह आणायची, मी प्रिंट काढून स्पायरल मारून द्यायचे, विषय संपला. आता ती मजकूर वॉट्सॅप करते, मी प्रिंट काढते, ती प्रिंट समोर ठेवून तीन रात्री फुलस्केपवर उतरवते, मग त्या फुलस्केपची एक झेरॉक्स जवळ असावी म्हणून काढते, एक मैत्रिणीसाठी काढते आणि शेवटी बाइंडिंगला टाकते. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी गावात दोघी-तिघी सुवाच्य अक्षराच्या मुली आहेत. पानाला 10 रुपये घेऊन उतरवून देतात. त्यातली एक अकरावीत आहे. बी.एड.वाल्यांचं 'अध्ययनाचं मानसशास्त्र' सध्या तिच्या अक्षरात जमा होतंय. अक्षर छान आहे पोरीचं, त्यात शंका नाही.

म्हणून हे पत्र. आळा कशाला घालायचा तेच चुकलंय, असं मला वाटतं, आणि ते मला इतरांपेक्षा जरा जवळून दिसतं.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पण अगदी बाहेरचीही नाही. मराठीत एम.ए. केलं, 2008-09 ला बी.एड. केलं. तेव्हा ते एका वर्षाचं होतं. 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबली. पुढं टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, अभियोग्यता चाचणी आली, भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं. तोवर माझी वाट बघायची ताकद संपली होती. नवऱ्याचं दुकान होतं, त्यात बसले. शिकवायला मिळालं नाही, पण शिक्षक होऊ घातलेल्यांचं लिखाण गेली 13 वर्षं रोज माझ्या हातातून जातं. टाइप करायचं तर वाचावं लागतं. सही करायला वाचावं लागत नाही. त्यामुळं तुमच्या विद्यार्थ्यांची जर्नलं कदाचित तुमच्यापेक्षा मीच जास्त वाचली असतील. हे टोचून बोलायचं म्हणून नाही लिहिलं. पुराव्यादाखल एक गोष्ट सांगते, त्यात चूक माझीच आहे.

2016 साली एका मुलीनं मला 'तोत्तोचान' या पुस्तकाचं परीक्षण टाइप करायला दिलं. स्वतः वाचून लिहिलेलं होतं, शाईच्या पेनानं, खाडाखोड केलेलं. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक बी.एड.ला कुणी चुकवत नाही. रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरणारी शाळा, आणि पहिल्याच भेटीत एवढ्याशा मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. मार्चची गर्दी होती. टाइप करताना मी सगळीकडे 'कोयाबाशी' केलं. तिनंही गडबडीत तपासलं नाही. फाइल संगणकात राहिली. पुढच्या वर्षी दुसरी आली, "ताई, परीक्षणाचं काही आहे का जुनं?" मी नाव बदलून दिलं. मग तिसरी. गेल्या मार्चमध्ये तेच परीक्षण एका हंगामात 23 जणांनी नेलं. सगळ्यांत 'कोयाबाशी'. सगळ्यांवर 'तपासले' असा शिक्का, लाल सही, आणि 10 पैकी 8 किंवा 9. इतक्या वर्षांत किती अंतर्गत परीक्षक झाले, किती बहिस्थ येऊन गेले. त्या बिचाऱ्या मुख्याध्यापकांचं नाव कुणालाच खटकलं नाही. मी मुद्दाम दुरुस्त केलं नव्हतं. कधीतरी कुणीतरी 'हे काय लिहिलंय' म्हणून एखादीला माझ्याकडे परत पाठवेल, याची मी वाट बघत होते.

आता पुस्तक वाचून त्यावर लिहायचा हा विषय अभ्यासक्रमात आला कशासाठी, ते तुम्हीच मला सांगायला हवं, पण लिहिते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं. 2015-16 पासून ते लागू झालं. त्यात व्यावसायिक क्षमता वाढवणारे म्हणून चार छोटे विषय आले, आणि त्यातला पहिलाच 'रीडिंग अँड रिफ्लेक्टिंग ऑन टेक्स्ट्स', म्हणजे वाचणं आणि वाचलेल्यावर विचार करणं. मराठीत त्याला कुठं काय, कुठं काय म्हणतात. परिषदेच्या आराखड्यात त्याचं वर्णन वाचलं तर मन भरून येतं. भावी शिक्षकानं आत्मचरित्रपर लेखन वाचावं, शाळांवरचे अभ्यास वाचावेत, धोरणांचे कागद वाचावेत, क्षेत्रनोंदी वाचाव्यात. कधी एकट्यानं, कधी चौघांत बसून. वाचलेल्यावर बोलावं. लिहिताना कशासाठी लिहितोय आणि कोण वाचणार आहे, याचं भान ठेवावं. बाकीच्या विषयांचा अभ्यास या वाचनाच्या बळावर व्हावा, अशी कल्पना होती.

कोण वाचणार आहे याचं भान मात्र विद्यार्थ्यांना चांगलंच आलंय. कुणी वाचणार नाही, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळतं. तक्रारींची सुरुवात इथूनच करते.

पहिली तक्रार ओझ्याची. 50 विद्यार्थ्यांचं एक युनिट. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याची वर्षाची सबमिशनं मी मोजली. सूक्ष्म पाठांची वही, सराव पाठांची टाचणं, घटक चाचणी, ग्रंथपरीक्षण, व्यक्ती अभ्यास, कृतिसंशोधन, आंतरवासितेची दैनंदिनी, आणि प्रत्येक विषयाचं वेगळं प्रात्यक्षिक. 15 गठ्ठे झाले. म्हणजे वर्गाचे 750. कुठल्या माणसानं हे वाचायचं? आमच्याकडचे निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, गठ्ठे तपासण्याचे नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. एक सर मार्चअखेरीला संध्याकाळी दुकानात बसून सह्या करायचे, कारण त्यांच्या खोलीतला पंखा बंद होता. तासाभरात 50 जर्नलं झाली. चहा घेतला, "वाचायला घेतलं तर जूनपर्यंत पुरेल हो," म्हणाले. खरंच बोलले.

दुसरी तक्रार नटवण्याची. गुण कशाला पडतात ते मुलं बरोबर ओळखतात. रंगीत मुखपृष्ठ, प्रत्येक पानाला चौकट, शीर्षकाखाली दुहेरी रेघ, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश 3 पानं, स्वतःचं निरीक्षण अर्धं पान. एका हार्ड बाइंडिंगचे मी 180 रुपये घेते. वडाप करून, एसटीचा पास काढून येणाऱ्या मुलींकडून मी हे पैसे घेते आणि त्या मुकाट्यानं देतात, कारण स्टेपल मारलेलं जर्नल 'नीट करून आणा' म्हणून परत येतं. मजकुरासाठी परत आलेलं जर्नल मी 13 वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

तिसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात गंभीर, ती आंतरवासितेच्या दैनंदिनीची. दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत जायचं, रोज काय पाहिलं आणि त्यावर काय वाटलं ते लिहायचं. खरं तर अख्ख्या बी.एड.मधलं सोनं इथं आहे. पहिल्यांदा वर्गात उभं राहिल्यावर आवाज कसा फुटला नाही, मागच्या बाकावरची मुलगी आठवडाभर एक शब्द का बोलली नाही, गणिताच्या तासाला कोण पोटात दुखतंय म्हणतं. हे सगळं त्या दिवसात असतं. आणि दैनंदिनीत काय येतं? 'आजचा दिवस माझ्यासाठी अविस्मरणीय ठरला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त होता. मला अध्यापनाचा आनंद मिळाला.' 20 आठवडे, रोज अविस्मरणीय. सगळं शेवटच्या आठवड्यात एका दमात लिहिलेलं, तारखा मागाहून टाकलेल्या. गेल्या वर्षी एका मुलाच्या दैनंदिनीत दिवाळीच्या सुट्टीतल्या एका तारखेला इयत्ता 7 वीचा भूगोलाचा तास झाला होता. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद तेव्हाही उत्स्फूर्तच होता.

पाठ टाचणाचं तर विचारू नका. दोन रकाने, शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. मुलं काय उत्तर देणार ते आदल्या रात्री लिहून ठेवलेलं. 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तरे देतात' हे वाक्य माझ्या संगणकात एका बटणावर आहे.

आता माझ्या घरातलं एक सांगते. याचा बी.एड.शी काय संबंध, ते वाचल्यावर कळेल.

माझी मुलगी चौथीत होती. 'माझा आवडता पक्षी' यावर 10 ओळी लिहून न्यायच्या होत्या. आमच्या दुकानाच्या फ्लेक्सबोर्डामागं साळुंक्यांचं घरटं आहे. तिनं लिहिलं, 'साळुंकी आमच्या बोर्डमागं राहती. ती मशीनच्या उजेडाला भीत नाही. तिच्या काड्या कागदावर पडत्यात मग आई बडबडती. पिल्लू खाली पडलं तेव्हा बाबांनी शिडी आणली.' एवढंच, चार ओळी. वही परत आली तेव्हा 'राहती', 'पडत्यात', 'बडबडती' याखाली लाल रेघा होत्या आणि तळाला शेरा. 'पक्षी – मोर. फळ्यावरचे लिहून आणणे.' दुसऱ्या दिवशी तिनं मोर लिहून नेला. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे. त्याच्या डोक्यावर तुरा असतो. तो पावसात पिसारा फुलवून नाचतो. 10 पैकी 9. तोवर तिनं मोर चित्रातच पाहिलेला. आमच्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, निदान तो तरी सुचायचा होता कुणाला.

त्या बाई वाईट नाहीत. मुलांवर जीव आहे त्यांचा, सहलीला माझ्या मुलीला उलटी झाली तर स्वतःच्या ओढणीनं तोंड पुसलं. आणि त्यांचं बी.एड.चं जर्नल 2017 साली मीच टाइप केलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'बालकाची घरची भाषा ही त्याच्या अध्ययनाची शिदोरी असते.' वाक्य त्यांचं नव्हतं. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून आलेलं, त्यात त्याच्या आदल्या वर्षीच्या. शिदोरी या शब्दापाशी त्यांना कुणी दोन मिनिटं थांबवलं असतं, 'तुमच्या घरी कुठली भाषा बोलतात? ती तुमच्या शाळेत चालायची का?' एवढं विचारलं असतं, तर त्या साळुंकीपाशीही थांबल्या असत्या, असं मला वाटतं. प्रमाण भाषा शिकवूच नये असं मी म्हणत नाही. 'राहते' लिहायला शिकवा की. पण पक्षी बदलायचं काय कारण होतं?

मोराचं लिखाण करणारी मुलं पुढं दहावीला येतात. तिथंही लिखाणावर उत्तीर्ण होणं आणि अंतर्गत गुणांवर उत्तीर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढले आणि निकाल 77.10 वर आला. एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. त्या साली कोरोनामुळं भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही खरं, त्यामुळं सगळं श्रेय त्या 20 गुणांना नको. पण शाळेच्या हातातले गुण म्हणजे काय, हे आपल्याला सगळ्यांना कळतं. बी.एड.ची तर मोठी वाटणीच अशा गुणांची आहे. आणि उद्या शाळेत हे गुण देणारे हात आज तुमच्याकडे तयार होतायत.

चॅटजीपीटीबद्दल चार शब्द, कारण सूचना त्यावरूनच निघाली. माझ्याकडे येणाऱ्या प्रिंटांत हल्ली त्याचा मजकूर लगेच ओळखू येतो. सगळं गुळगुळीत, कुठं एक गाव नाही, एक मूल नाही. एका मुलीनं तर वरची ओळसुद्धा काढली नव्हती. 'नक्कीच! खाली तुमच्यासाठी चिंतनपर अहवाल देत आहे.' मी तिला दाखवली, ती लाजली, खोडून घेतली. तिच्या मैत्रिणीची मात्र तशीच गेली. प्रिंटवरून हातानं उतरवताना तिनं ती ओळही उतरवली. निळ्या शाईत, सुंदर अक्षरात, 'नक्कीच!' शेजारी लाल सही आहे.

तेव्हा हस्ताक्षरानं काय साधलं? यंत्र आता आलंय. माझ्या झेरॉक्स मशीननं हेच काम आधीच्या 10 वर्षांत केलं, आणि त्याआधी गाईडनं. उसना मजकूर चालतो हे मुलांना यंत्रानं शिकवलेलं नाही.

हे दोन वर्षांचं बी.एड. सहजासहजी आलेलं नाही, याची आठवण करून देते. सर्वोच्च न्यायालयानं अध्यापक शिक्षणावर न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. तो नेमण्याचं निमित्त होतं महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा घोळ. आपल्याच राज्यातल्या दुकानदारीतून (शब्द मीच वापरते, दुकानदार आहे म्हणून) देशभरचं अध्यापक शिक्षण बदलायची वेळ आली, त्यातून एक वर्षाची दोन झाली. वाचायला, विचार करायला, शाळेत जास्त दिवस काढायला ते वाढीव वर्ष होतं. ते आम्ही बाइंडिंगमध्ये घालवलं. आता पुन्हा एका वर्षाच्या बी.एड.ची चर्चा सुरू आहे. ते आलं तर 15 गठ्ठे एका वर्षात बसवले जातील, एवढीच भीती आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पैसा फारसा लागत नाही, म्हणून 'निधी नाही' हे उत्तर कृपा करून देऊ नये.

हस्ताक्षराची सक्ती मागे घ्या. तिच्याऐवजी निम्मं लिखाण वर्गात, तासाला, समोर बसवून करून घ्या. दोन पानं. चुका होतील, खाडाखोड होईल, ती तशीच जमा करून घ्या.

सबमिशनं 15 वरून 5 वर आणा. कुठली 5, ते तुम्ही ठरवा, तो तुमचा अधिकार आहे. अट एकच. जे जमा करून घ्याल ते वाचाल. प्रत्येक पानावर शेरा नको. एक प्रश्न पुरे. माझ्या बी.एड.ला एका मॅडमनी माझ्या निरीक्षणाच्या वहीत समासात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'ती मुलगी खिडकीबाहेर काय बघत होती?' मला उत्तर येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत परत गेले आणि त्याच बाकावर बसून पाहिलं. बाहेर तिचा धाकटा भाऊ होता, व्हरांड्यात, तिच्या दप्तरावर बसलेला. आई कामाला जायची, म्हणून ती त्याला सोबत आणायची. बी.एड.चं बाकी बरंच विसरले, हे नाही विसरले.

बाइंडिंग, चौकटी, रंगीत मुखपृष्ठ यांना शून्य गुण, असं लेखी काढा. स्टेपल मारलेला गठ्ठा चालेल असंही लिहा, नाहीतर कुणी धजणार नाही. माझं नुकसान होईल ते मी बघून घेईन.

पहिला कच्चा मसुदा आणि सुधारलेला मसुदा, दोन्ही एकत्र मागा. यंत्राची मदत घेतली असेल तर काय विचारलं, त्यानं काय दिलं आणि त्यातलं काय चुकीचं निघालं, तेही जोडायला सांगा. लपवायची गरज संपली की निम्मी लबाडी संपते, हे मी गल्ल्यावर बसून शिकलेय.

बहिस्थ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्याच वहीतलं एक पान उघडावं आणि त्यावरच विचारावं. दुसरं काही नको.

ग्रंथालय उघडं ठेवा. आमच्याकडे ते साडेदहा ते साडेचार, म्हणजे नेमकं मुलं तासाला किंवा सराव पाठाला असतात तेव्हा उघडं. कपाटांना कुलूप, किल्ली लिपिकाकडे, लिपिक विद्यापीठात गेलेले. ग्रंथपरीक्षणाच्या पुस्तकांची यादी 9 वर्षं तीच आहे. ती फाडा. ज्याचं त्याला पुस्तक निवडू द्या.

आणि शेवटची मागणी, जी बाकी सगळी नाकारली तरी मान्य करावी. आंतरवासितेत प्रत्येकानं एका मुलाचं गाईडमधलं नसलेलं, फळ्यावरचं नसलेलं, स्वतःचं लिखाण मिळवावं. चार ओळी का असेनात. त्यातल्या चुका मोजू नयेत. हे मूल काय सांगतंय, कुठल्या भाषेत सांगतंय, पुढं त्याला काय विचारता येईल, एवढ्यावर दोन पानं लिहावीत आणि ती वर्गात वाचून दाखवावीत. याचं रेडिमेड जर्नल निघू शकत नाही. मी प्रयत्न करूनही काढू शकणार नाही.

माझ्या बाजूनं एक केलंय, तेही इथं जाहीर सांगते. संगणकातलं 'बीएड जुनी जर्नल्स' हे फोल्डर जूनमध्ये मी पुसून टाकलं. 'एकाचे जर्नल दुसऱ्यास मिळणार नाही' असा कागद काचेवर लावला. नवरा म्हणाला, समोरच्या दुकानात मिळेल. मिळतंच. पहिल्या दिवशी चौघी आल्या आणि कागद वाचून रस्ता ओलांडून गेल्या. पाचवी थांबली. म्हणाली, "ताई, परीक्षण नसू दे. पुस्तक तरी कुठं मिळंल?" ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली त्या दिवशीही गावात नव्हती. घरातली माझी प्रत मी तिला दिली. पहिल्या पानावर मुख्याध्यापकांचं खरं नाव पेन्सिलनं लिहून दिलं. पुस्तक अजून परत आलेलं नाही.

आपली,
एक बी.एड. पदवीधर, सध्या झेरॉक्स व डीटीपी